कोणतं हरीण मारायचं, कोणतं सोडायचं: विस्कॉन्सिनच्या नोव्हेंबरसाठी

पहिल्या वर्षी मी जी मादी मारली, ती मादी नव्हती.

थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार, नऊ दिवसांच्या बंदुकीच्या हंगामाचा पहिला दिवस. नुकतं फटफटलं होतं. कापलेल्या मक्याच्या कडेने एकटंच एक हरीण बाहेर आलं, न बिचकता चालत राहिलं. डोक्यावर शिंगं नाहीत, माझ्याकडे अँटलरलेस टॅग, म्हणजे बिनशिंगी हरीण मारायची परवानगी-चिठ्ठी, मी गोळी झाडली. जवळ जाऊन डोक्यावरून हात फिरवला, तर कानांच्या पुढे कातडीखाली दोन टणक गाठी लागल्या, शर्टाच्या बटणाएवढ्या. सहा महिन्यांचं नर पाडस. इथे त्याला 'बटन बक' म्हणतात. कायद्याने काहीच चुकलं नव्हतं, कारण अमेरिकेतल्या या विस्कॉन्सिन राज्यात तीन इंचांपेक्षा कमी शिंगांचं हरीण अँटलरलेसमध्येच धरतात. पण मला ते मारायचं नव्हतं. मी काय मारतोय हे मला ठाऊक नव्हतं, ही खरी चूक.

त्यानंतर मी एक गोष्ट पक्की केली. कोणतं हरीण मारायचं हा निर्णय घरी, दिव्याखाली, कागद-पेन घेऊन घ्यायचा. जंगलात फक्त समोरचं हरीण त्या निर्णयात बसतं की नाही एवढंच बघायचं. छाती धडधडत असताना माणूस नवा विचार करू शकत नाही, आधी केलेला विचार फार तर आठवू शकतो.

इथले लोक मारण्याला 'हार्वेस्ट' म्हणतात. मी मारणं म्हणतो. शब्द स्वच्छ असला की हात जपून चालतो.

हा लेख कुणासाठी

भारतात १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती तशीच राहावी असं माझं ठाम मत आहे. चितळ-सांबरांसाठी तिथे वाघ, बिबटे आणि रानकुत्रे आहेत. इथली गोष्ट वेगळी. पांढऱ्या शेपटीचं हरीण, व्हाइटटेल, १९०० च्या सुमाराला बाजारासाठी केलेल्या बेसुमार शिकारीने अमेरिकेच्या बऱ्याच भागांतून संपत आलं होतं. कायदे आले, हंगाम ठरले, जंगलं परत वाढली आणि आज ते कोट्यवधींच्या संख्येत आहे. दक्षिण विस्कॉन्सिनच्या शेतीपट्ट्यात लांडगे जवळपास नाहीत. कायोटी, म्हणजे कोल्ह्यासारखे इथले प्राणी, पाडसं उचलतात, पण धडधाकट मोठं हरीण मरतं ते मुख्यतः बंदुकीने, बाणाने किंवा गाडीखाली. म्हणजे कळपात कोण उरणार हे बऱ्याच अंशी शिकारी ठरवतात.

आपल्यातले बरेच जण मॅडिसन, मिलवॉकीकडे नोकरीला येतात आणि ऑफिसातल्या कुणाबरोबर तरी पहिल्यांदा जंगलात जातात. त्यांनी दोन गोष्टी आधी कराव्यात. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला इथे शिकारी-शिक्षणाचा कोर्स सक्तीचा आहे. तो मनापासून करा, नुसतं सर्टिफिकेट मिळवायला नको. आणि एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायलाच मनाई आहे. वैध शिकार-परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. मित्राची बंदूक हातात घेण्याआधी वकिलाला विचारा, मित्राला नको.

आधी काउंटी काय मागते ते बघा

'चांगलं हरीण कोणतं' याला सगळीकडे चालेल असं उत्तर नाही. विस्कॉन्सिनातच दोन टोकं आहेत.

उत्तरेच्या जंगलपट्ट्यात हिवाळा हरणं मारतो. तिथे हिवाळ्याची तीव्रता मोजायची एक साधी पद्धत आहे: तापमान शून्य फॅरनहाइट किंवा खाली गेलेला प्रत्येक दिवस एक गुण, आणि जमिनीवर अठरा इंच किंवा जास्त बर्फ असलेला प्रत्येक दिवस एक गुण. लागोपाठ वाईट हिवाळे गेले की माद्यांचे टॅग कमी होतात, काही ठिकाणी मिळतही नाहीत. दक्षिणेत उलट. मका, सोयाबीन, ओकची फळं, सौम्य हिवाळा. तिथे हरणं इतकी असतात की परवान्याबरोबरच अँटलरलेस टॅग हातात पडतात.

काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. २०१४ पासून प्रत्येक काउंटीची हरणांविषयीची सल्लागार समिती आहे. कळप वाढवायचा, राखायचा की कमी करायचा यावर ती शिफारस करते. तुमच्या काउंटीचं उद्दिष्ट ऑगस्ट-सप्टेंबरातच वाचून ठेवा. 'वाढवायचा' असेल तर माद्या सोडा, विषय संपला. 'कमी करायचा' असेल तर मादी हेच तुमचं पहिलं हरीण.

मग जमिनीवर फिरून या. मी ज्या शेतकऱ्याच्या रानात बसतो, त्यांनी पहिल्या भेटीत मला हरणं दाखवलीच नाहीत, झुडपं दाखवली. माणसाच्या छातीएवढ्या उंचीपर्यंत एकही हिरवी डहाळी नाही आणि त्यावर सगळं गच्च, जणू कुणी दोरी धरून कापलंय. हरणांचं तोंड पोचतं तिथपर्यंतची ती रेघ. खाली ओकची रोपं बोटभर उंचीवर चावून टाकलेली. व्हाइटटेलला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे डहाळी तुटते ती फाटल्यासारखी, दशा निघालेली. सशाने कुरतडलेली डहाळी तिरकी आणि स्वच्छ कापलेली असते. अशी रेघ दिसली तर त्या रानात हरणं जास्त आहेत, समितीचा कागद काहीही म्हणो.

मादी मारणं

बाबा साताऱ्याला असतात. दुसऱ्या वर्षी मी मुद्दाम, ओळखून, मोठी मादी मारली आणि फोनवर सांगितलं. ते जरा थांबले आणि म्हणाले, "मादी मारलीस? पिल्लं असतील की रे तिला."

आपल्याकडे हे खोलवर रुजलंय आणि मला त्याचा आदर आहे. म्हणून त्यांना जे सांगितलं ते इथेही नीट मांडतो.

व्हाइटटेलचा माज नोव्हेंबरच्या पूर्वार्धात ऐन भरात असतो. गर्भकाळ साधारण दोनशे दिवस. पाडसं मे-अखेर ते जूनमध्ये जन्मतात, बहुतेक मोठ्या माद्यांना जुळी. अडीच-तीन महिन्यांत ती दुधावाचून जगू शकतात. नोव्हेंबरच्या शेवटी पाडस सहा महिन्यांचं असतं, स्वतः चरतं आणि नात्यातल्या इतर माद्यांच्या मागे राहतं. आई गेल्याने ते उपाशी मरत नाही. पण हेही खरं की त्या वेळेपर्यंत बहुतेक मोठ्या माद्या गाभण झालेल्या असतात. हे मी लपवत नाही, कारण संख्या कमी होते ती नेमकी यामुळेच. एक नर अनेक माद्यांना फळवतो, त्यामुळे निम्मे नर मारले तरी पुढच्या जूनमध्ये पाडसं जवळपास तेवढीच. एक मोठी मादी गेली की मात्र तिच्याबरोबर पुढची दोन थांबतात. हरणं जास्त झाली म्हणून शिंगांवाले मारत सुटणं हा नुसता देखावा आहे.

विस्कॉन्सिनने १९९६ पासून काही भागांत नियमच केला होता: आधी मादी मारून दाखवा, मग नर. शिकाऱ्यांना तो अजिबात आवडला नाही आणि २०११ मध्ये विधिमंडळाने तो काढून टाकला. सक्ती गेली, ते हिशेब तसेच आहेत.

बाबांना मी एवढंच म्हणालो, जिथे कमी आहेत तिथे मी मादीला हात लावणार नाही. ते "बरं" म्हणाले. त्यांच्या 'बरं'मध्ये काय काय असतं ते मला कळतं.

मादी, पाडस आणि बटन बक: नजर कुठे ठेवायची

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई नको.

दुर्बीण लागतेच, ८×४२ किंवा १०×४२. रायफलच्या स्कोपमधून कधीही 'कोण आहे' ते बघू नका. तुम्ही जिकडे स्कोप फिरवता तिकडे नळी फिरते, आणि झुडपामागे हलणारं ते माणूसही असू शकतं.

पहिलं बघायचं ते अंग. मोठी मादी लांबट असते, आडव्या ट्रंकेसारखी. पाडस लांबीला आणि उंचीला जवळजवळ सारखं, चौकोनी डब्यासारखं. मादीची मान लांब, पाडसाची आखूड. हे जमलं की तोंड: मादीचा नाकाडा लांब, डोळ्यापासून नाकापर्यंत भरपूर अंतर. पाडसाचं तोंड आखूड, त्यामुळे डोळे आणि कान चेहऱ्याच्या मानाने मोठे वाटतात. हरीण एकटं असलं की आकार फसवतो, तुलनेला काही नसतं. दोन-तीन बिनशिंगी हरणं एकत्र असतील तर सगळी दिसेपर्यंत थांबा आणि त्यांतलं सर्वांत मोठं निवडा. या एका सवयीने निम्म्याहून जास्त घोटाळे टळतील.

मग कानांच्या मधली जागा. मादीचं डोकं वर गोलसर असतं. नर पाडसाचं सपाट, आणि उजेड बाजूने असेल तर दोन गडद ठिपके किंवा उंचवटे दिसतात. हे बघायला हरीण मान खाली घालून चरत असावं किंवा त्याने तुमच्याकडे तोंड करावं. दोन मिनिटं द्या, ते करतंच.

वागणूकही सांगते. शेतात सर्वांत आधी, एकटं, बेधडक येतं ते पुष्कळदा नर पाडस असतं. अनुभवी मादी झाडीच्या कडेला उभी राहते, कान फिरवते, पुढचा पाय आपटून बघते, नाक वर करते. म्हणून माझा नियम: एकटं, बिनशिंगी आणि निर्धास्त हरीण दिसलं की बंदूक खाली.

एक मात्र सांगायला हवं. एखाद-दुसरा बटन बक चुकून मारला गेला म्हणून कळप कोसळत नाही. पाडसाचं मांस लुसलुशीत असतं आणि ज्याच्या घरी फ्रीजर लहान आहे त्याने ठरवून पाडस मारलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. ठरवून मारलं तर.

नराचं वय: शिंगं शेवटी बघा

शिंगं दरवर्षी नवी उगवतात, सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांच्यावरची मखमल उतरते आणि हिवाळ्यात ती गळून पडतात. ती किती फुटतील हे वय, चारा आणि वंश यांवर ठरतं. म्हणून टोकं मोजून वय कळत नाही. मक्याच्या पट्ट्यात दीड वर्षाच्या नरालाही आठ टोकं येतात. उलट दीड वर्षाला नुसते दोन सुळके असले तर 'हा वाईट वाणाचा, काढून टाका' म्हणणारे भेटतील. पहिल्याच शिंगांवरून असा निकाल देऊ नका. पुष्कळदा ते पाडस उशिरा जन्मलेलं असतं किंवा त्याला चारा कमी मिळालेला असतो. मोकळ्या रानात निवडक नर मारून वाण सुधारता येतो यावर माझा विश्वास नाही. आई कुठले गुण देते ते तिच्या डोक्यावर दिसत नाही.

शिंगं हाताने झाकल्यासारखं करा आणि अंग बघा.

दीड वर्षाचा: शिंगं लावलेली मादी. पाय लांब, मान बारीक, पोट आत. अडीच वर्षाचा थोडा भरलेला, तरी पाय लांबच वाटतात. साडेतीनचा शर्यतीच्या घोड्यासारखा: छाती खोल, माजामुळे मान सुजलेली, पण कंबर अजून बारीक. साडेचारच्या पुढे कंबर छातीच्या रेषेत येते, मान खांद्यात मिसळते. साडेपाच आणि वर: पोट लोंबतं, पाठ किंचित खचलेली, पाय अंगाला आखूड वाटतात. मागच्या पायांच्या गुडघ्याआतली ग्रंथी म्हाताऱ्या नराची काळीकुट्ट असते आणि डाग खाली उतरलेला असतो.

अंतराचा एक अंदाज: कान टवकारलेल्या नराच्या कानांच्या टोकांमधलं अंतर पंधरा-सोळा इंच असतं. शिंगं त्याबाहेर गेली तर तो बहुधा दीड वर्षाचा नाही. दुसऱ्या राज्यात जात असाल तर हे मोजमाप कायद्याचंच असू शकतं. टेक्ससच्या अनेक काउंट्यांत शिंगांच्या आतलं अंतर तेरा इंच लागतं, आणि पेनसिल्व्हेनियाने २००२ मध्ये एका बाजूच्या टोकांची किमान संख्या ठरवली. तिथे मोजता आलं नाही, तर सोडायचं.

मी निरोगी कळपात दीड वर्षाचे नर सोडतो. पहिल्यांदाच गेलेल्या पोरीने किंवा पोराने तोच मारला तर मात्र आनंदाने पाठ थोपटतो. त्यांच्यासाठी माझा नियम नाही.

जिथे सीडब्ल्यूडी आहे तिथे हिशेब बदलतो

सीडब्ल्यूडी, म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हा प्रायॉनमुळे (आकार बिघडलेल्या प्रथिनामुळे) होणारा, मेंदू पोखरणारा, हमखास जीवघेणा आजार. १९६७ मध्ये कोलोरॅडोत बंदिस्त हरणांत तो प्रथम लक्षात आला. विस्कॉन्सिनात तो २००२ च्या फेब्रुवारीत समजला, माउंट होरेबजवळ आदल्या नोव्हेंबरात मारलेल्या तीन हरणांमध्ये. म्हणजे मॅडिसनपासून अर्ध्या तासावर, आपल्यातले बरेच जण राहतात त्या डेन काउंटीत.

मोठ्या नरांमध्ये तो माद्यांपेक्षा जास्त सापडतो, आणि तरुण नर आपली जागा सोडून लांब जातात, तेव्हा तो आजारही नेऊ शकतात. त्यामुळे 'सोड, मोठा होऊ दे' हे वाक्य या पट्ट्यात तेवढं निर्मळ राहत नाही. इथे मी मादी आणि मोठा नर दोन्ही मारतो आणि शिंगं लहान आहेत म्हणून साडेतीनचा नर सोडत नाही. माझ्या ओळखीत याच्या उलट करणारेही आहेत. मी त्यांच्याशी दरवर्षी वाद घालतो.

हाडं निघालेलं, लाळ गळणारं, कान पाडलेलं, माणसाला न घाबरणारं हरीण दिसलं तर ते खाण्यासाठी मारू नका, वन्यजीव खात्याला कळवा. पण बहुतेक बाधित हरणं दिसायला ठणठणीत असतात, म्हणून तपासणी हाच मार्ग. माणसाला हा आजार झाल्याची नोंद नाही, तरी बाधित हरणाचं मांस खाऊ नये असा आरोग्य खात्यांचा सल्ला आहे. शिजवून प्रायॉन मरत नाही, कुकरच्या कितीही शिट्ट्या केल्या तरी.

कार्ड

आता हे सगळं एका कार्डावर उतरवा. माझं मागच्या वर्षीचं असं होतं:

पहिलं: मोठी मादी, घोळक्यातली सर्वांत मोठी.
दुसरं: साडेतीन किंवा वरचा नर.
जखमी, लंगडणारं हरीण: कोणतंही, टॅग बसत असेल तर.
नाही: एकटं बिनशिंगी. दीड वर्षाचा नर.
एकूण: दोन. फ्रीजर तेवढाच.

शेवटची ओळ विसरू नका. आतडी काढलेली मोठी मादी पन्नास किलोच्या आसपास भरते, त्यातून हाडाशिवाय मांस वीस-बावीस किलो मिळतं. आमच्या चौघांच्या घरात दोन हरणं वर्षभर पुरतात. म्हाताऱ्या नराचा खिमा करायचा, मादीच्या पाठीच्या पट्ट्या तव्यावर. चरबी मात्र सगळी काढा. ती ताटात गार झाली की टाळूला मेणासारखी चिकटते, आणि मग घरचे म्हणतात हरीण उग्र लागतं.

योग्य हरीण, चुकीचा क्षण

कार्डावरचं हरीण समोर आलं तरी चार प्रश्न उरतात. मागे काय आहे? मातीचा चढ असेल तर ठीक, आभाळ किंवा रस्ता असेल तर नाही. त्याच्या पलीकडे दुसरं हरीण आहे का? गोळी आरपार जाते. उभं कसं आहे? पूर्ण आडवं, किंवा तोंड किंचित पलीकडे वळवलेलं, आणि पुढच्या पायामागे छातीचा खालचा तिसरा हिस्सा मोकळा दिसतोय, तरच. समोरून, पळताना, डोक्यावर नको. आणि उजेड: वेळ कायद्यात बसत असली तरी तुम्हाला कानांमधली जागा दिसत नसेल, तर तुम्हाला हरीण दिसलेलं नाही.

यांतला एकही नकार आला की बोट ट्रिगरबाहेर. मागच्या हंगामात तीच मोठी मादी माझ्यासमोर अकरा मिनिटं होती आणि तिचं पाडस सगळा वेळ तिच्या पलीकडून चिकटून होतं. ती गेली.

गोळी लागल्यावर अर्धा तास बसा. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, हरीण जवळच पडलेलं असतं. गडद रक्त म्हणजे बहुधा यकृत, चार तास तरी थांबा. हिरवट, वास येणारं असेल तर आतडी, आठ ते बारा तास. घाईने उठवलेलं जखमी हरीण मैलभर जातं आणि हाती लागत नाही.

नंतर: स्वतःला तपासा

हरीण सापडल्यानंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदणी. डोकं, मानेच्या थोड्या भागासह, तपासणीच्या किऑस्कवर. इथे त्याचे पैसे लागत नाहीत.

डोकं सोडण्याआधी जबडा उघडा. गालाच्या बाजूने बोट घाला आणि खालच्या जबड्यातल्या दाढा मोजा. सहा पूर्ण नसतील आणि चार-पाचच असतील तर पाडस. सहा असतील तर तिसरी बघा. दीड वर्षापर्यंत ती दुधाची असते, तीन उंचवट्यांची आणि झिजलेली. त्याच सुमाराला ती पडून दोन उंचवट्यांची, पांढरीशुभ्र नवी येते. पुढची वर्षं झिजेवरून: दाढेवरच्या पांढऱ्या इनॅमलच्या कडांमधला तपकिरी पट्टा रुंद होत जातो. सेव्हरिंगहाउस यांनी १९४९ मध्ये न्यूयॉर्कात मांडलेली ही पद्धत आजही वापरतात. मी टॉर्च तोंडात धरतो, कारण दोन्ही हात जबड्यात असतात.

मग वही. गोळीच्या आधी मी काय म्हणालो होतो आणि दातांनी काय सांगितलं, दोन रकाने. माझ्या वहीत माद्यांचे अंदाज आता बरोबर येतात. नरांच्या बाबतीत मी अजून वर्षभर जास्त धरतो, सुजलेली मान मला फसवते.

निकाल येईपर्यंत पाकिटं फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात वेगळी ठेवतो, प्रत्येकावर नोंदणी क्रमांक आणि एक ओळ. शेवटचं पाकीट: 'मादी, साडेचार, ओढ्याकाठची. निकाल बाकी.'